‘ज’, ‘न’, ‘ज’, ‘लन’ : फेल झालेल्या टेस्टशी बोलण्याविषयी

(जुना जालना येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. पडद्यावर दाखवलेला कोड सभेत वाचून सांगितला होता. तो इथेही शब्दांतच दिला आहे.)



गावाच्या नावापासूनच सुरुवात करू. ‘जुना जालना’. कुंडलिकेच्या एका काठाला जुना, दुसऱ्या काठाला नवा. या नावात शब्द किती, असं इथल्या तिसरीतल्या पोराला विचारलं तर ते आपल्याकडे संशयानं बघेल. दोन. आता हेच पायथनला विचारू. पायथनसोबत येणारं ‘री’ नावाचं मॉड्यूल आहे, त्यात ‘स्लॅश डब्ल्यू, अधिक’ असा एक नमुना देतात. त्याचा अर्थ, शब्दात बसणारी चिन्हं सलग जितकी मिळतील तितकी उचल. हा नमुना ‘जुना जालना’वर चालवला की उत्तर येतं चार. आणि ते चार शब्द कोणते? ‘ज’, ‘न’, ‘ज’, ‘लन’.

हसू नका. आम्हीही पहिल्यांदा हसलोच होतो. पण हे उत्तर ज्या प्रोग्रामच्या पोटात बसलं होतं, तो प्रोग्राम माणसांची नावं जुळवत होता. हसू लवकरच मावळलं.

आज आम्हाला समीक्षा करायची आहे. कवितेची होते, नाटकाची होते, तशी हत्यारांचीही व्हावी असं आमचं मत आहे, कारण हत्यार माणसाला विचार करायची एक पद्धत लावतं. पायथनमध्ये टेस्ट फेल झाली की आपण काय करतो, आपल्याला काय करायला शिकवलं जातं, आणि ती साधनं मराठी मजकुरासमोर कशी उभी राहतात, एवढाच विषय. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. फेल झालेल्या टेस्टला आपण निकाल समजतो. दहावीच्या निकालासारखा: लाल शेरा दिसला की मान खाली, आणि काहीतरी करून तो हिरवा कसा होईल याची धडपड. खरं तर त्या क्षणी प्रोग्राम जागच्या जागी थांबवता येतो, त्याच्या हातात काय आहे ते विचारता येतं. हे विचारणं आपण शिकत नाही, शिकवत नाही. आणि लिपी देवनागरी असेल तर न विचारण्याची किंमत जास्त पडते.

शिकवण्यापासून सुरू करू. पायथनच्या अधिकृत माहितीपुस्तकात ‘युनिटटेस्ट’ या मॉड्यूलचं पान आहे. हजारो विद्यार्थी टेस्ट हा प्रकार पहिल्यांदा तिथं पाहतात. तिथलं पहिलं उदाहरण स्ट्रिंगच्या तीन क्रिया तपासतं. ‘अपर’, म्हणजे सगळी अक्षरं मोठ्या लिपीत करणं. ‘इजअपर’, म्हणजे ती मोठ्या लिपीत आहेत का हे विचारणं. आणि ‘स्प्लिट’, म्हणजे मोकळ्या जागेवर तोडणं. पुढे त्याचा निकालही छापला आहे: तीन टिंबं, तीन टेस्ट, ओके.

या उदाहरणावर आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला लहान आहे. मोठी लिपी आणि लहान लिपी हा भेद आपल्या लिपीत नाहीच. ‘जालना’ला अपर केलं तरी जालनाच राहतो आणि इजअपर विचारलं तर ‘नाही’ म्हणतो. म्हणजे तीनपैकी दोन टेस्ट आपल्या मजकुराविषयी काहीच सांगत नाहीत. पण तो दोष उदाहरण लिहिणाऱ्याचा नाही, त्यानं त्याच्या लिपीत लिहिलं. दुसरा आक्षेप मोठा आहे. हे उदाहरण पास होतं. टेस्ट लिहायची ती फेल होण्याच्या दिवसासाठी, आणि त्या दिवशी काय करायचं हे पहिल्या धड्यात नाही. डीबगरचं पान वेगळं. दोघांची गाठ घालून द्यायला शिक्षक लागतो, आणि आपल्याकडचा शिक्षक बहुतेक वेळा अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईत असतो. टेस्ट हा तोंडी परीक्षेचा प्रश्न होऊन बसतो: युनिट टेस्टिंग म्हणजे काय, फायदे सांगा.

यामागे थोडा इतिहास आहे, आणि आम्हाला तो फार बोलका वाटतो. पायथनचं युनिटटेस्ट आलं स्टीव्ह पर्सेल यांच्या ‘पाययुनिट’मधून. २००१ साली पायथन २.१ सोबत ते मूळ संचात दाखल झालं. पाययुनिट घेतलं होतं जावाच्या ‘जेयुनिट’वरून, जे केंट बेक आणि एरिक गामा यांचं. आणि जेयुनिटच्या मागे होतं बेक यांचंच ‘एसयुनिट’, स्मॉलटॉक नावाच्या भाषेतलं. म्हणून तर पायथनच्या युनिटटेस्टमध्ये ‘सेटअप’, ‘असर्टइक्वल’ अशी मध्येच मोठं अक्षर येणारी नावं दिसतात, जी पायथनच्या रिवाजात बसत नाहीत. माहेरचं आडनाव राहिलंय ते.

पण आडनाव आलं तरी संस्कार आले नाहीत. स्मॉलटॉकमध्ये टेस्ट फेल झाली की तिथल्या तिथे डीबगरची खिडकी उघडता यायची. प्रोग्राम मेलेला नसे, थांबलेला असे. त्याची सगळी मूल्यं जिवंत. चूक त्याच खिडकीत दुरुस्त करायची आणि ‘चल पुढे’ म्हणायचं. ही सगळी बैठक जावातून येताना वाटेत गळाली आणि पायथनपर्यंत पोचला तो मुख्यतः अहवाल: किती चालल्या, किती पडल्या, कुठल्या ओळीवर. युनिटटेस्टच्या टेस्टकेसमध्ये ‘डीबग’ नावाची एक मेथड आजही आहे. ती निकाल गोळा न करता टेस्ट चालवते आणि चूक झाली तर ती गिळून न टाकता वर जाऊ देते, म्हणजे डीबगरला ती पकडता येते. जुन्या वाड्यात एखादा दरवाजा भिंतीत चिणलेला असतो आणि बाहेरून फक्त चौकट दिसते, तसं वाटतं आम्हाला ते पाहून. वापरणारा माणूस आम्ही अजून पाहिलेला नाही.

न्यायानं बोलायचं तर ‘पायटेस्ट’ यात बरंच पुढे आहे. पायटेस्ट चालवताना पुढे दोन आडव्या रेघा आणि ‘पीडीबी’ लिहा. पहिली टेस्ट पडली की तिथेच प्रॉम्प्ट उघडतो. ‘लास्ट-फेल्ड’ हा पर्याय दिला तर मागच्या वेळी पडलेल्याच तेवढ्या पुन्हा चालतात. हे दोन जोडीनं वापरले की काम किती हलकं होतं ते वापरून पाहिल्याशिवाय कळणार नाही. त्यांच्या माहितीपुस्तकात टेस्ट पडल्यावर काय करावं याचं स्वतंत्र पान आहे, त्याबद्दल त्यांना शंभर गुण.

तर आता ती टेस्ट. एका संस्थेसाठी आम्ही दोन याद्या जुळवून देत होतो. एक यादी जमिनीच्या कागदांवरून टाइप केलेली, दुसरी बँकेच्या खात्यांची. नाव, गाव, तालुका. ज्यांची नोंद दोन्हीकडे जुळेल त्यांचं पुढे जाणार. ज्यांची जुळणार नाही त्यांची वेगळी यादी, म्हणजे त्या माणसाला पुन्हा कागदपत्रं घेऊन चकरा. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या लोकांना त्या चकरा माहीत आहेत, आम्ही वर्णन करत नाही.

आमच्यातल्या एका मुलीनं टेस्ट लिहिली. अपेक्षा: ‘जुना जालना’चे दोन तुकडे. मिळाले चार. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. खरं सांगायचं तर आमची पहिली सूचना होती की ही टेस्ट आज ‘स्किप’ करून टाक, बाकीच्या हिरव्या आहेत, उद्या बघू. चूक आमचीच होती. तिनं ऐकलं नाही, पीडीबी लावला.

इथं एक बारकी गोष्ट आहे आणि नवी मंडळी नेमकी इथंच वैतागून डीबगर सोडून देतात, म्हणून थोडं थांबतो. टेस्ट असर्टच्या ओळीवर पडली की पीडीबी तुम्हाला उभं करतो ते टेस्टच्या फंक्शनमध्ये. पण गडबड झाली ती तुकडे करणाऱ्या फंक्शनमध्ये, आणि ते तर उत्तर देऊन निघून गेलेलं असतं. पंचनाम्याला गेलो, जागा सापडली, पण ज्यानं केलं तो गावात नाही. तुमच्या कोडमध्येच, आत खोल, एखादी ‘कीएरर’सारखी चूक फुटली असती तर गोष्ट वेगळी. मग तुम्ही थेट त्या ओळीवर उतरता, स्थानिक मूल्यं सगळी समोर. पण उत्तर चुकीचं येणं आणि प्रोग्राम फुटणं या दोन निराळ्या घटना आहेत, आणि पहिल्या घटनेत पीडीबीचा पहिला प्रॉम्प्ट अर्धंच सांगतो. ही गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. आम्ही आपले ‘अप’, ‘डाउन’ करत बसलो, की कुठंतरी ते फंक्शन सापडेल. कसं सापडणार?

उपाय आहेत. त्याच प्रॉम्प्टवर ‘डीबग’ असा आदेश देऊन पुढे ते फंक्शन त्याच मजकुरासकट पुन्हा हाक मारायची. डीबगरच्या आत दुसरा डीबगर उघडतो आणि ‘एस’ दाबत आत शिरता येतं. किंवा सरळ त्या फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘ब्रेकपॉइंट’ लिहून, पुढे रिकामा कंस देऊन, टेस्ट पुन्हा चालवायची. ब्रेकपॉइंट हा पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून आलेला सोयीचा शब्द. त्याआधी ‘इम्पोर्ट पीडीबी’, अर्धविराम, ‘सेट ट्रेस’ असं मंत्रासारखं लिहावं लागे. फक्त काम झाल्यावर तो काढायला विसरू नका. आम्ही एकदा विसरलो आणि रात्री आपोआप चालणारा एक प्रोग्राम सकाळपर्यंत शांतपणे उत्तराची वाट बघत बसला होता.

ती मुलगी आत शिरली. आणि तिनं पहिला प्रश्न फार चांगला विचारला, त्याचं आम्हाला अजून कौतुक वाटतं. ‘का तुटतंय’ असं तिनं विचारलं नाही. कुठल्या चिन्हावर तुटतंय ते विचारलं. प्रॉम्प्टवर एकेक चिन्ह सुटं केलं: ज, उकार, न, काना. मग प्रत्येकाला ‘इजअलनम’ विचारलं, म्हणजे तू अक्षर किंवा अंक आहेस का? ज म्हणाला हो. उकार म्हणाला नाही. न हो. काना नाही. दहा ओळींत उलगडा झाला. युनिकोडच्या वर्गवारीत आपली व्यंजनं आणि सुटे स्वर ‘अक्षर’ या गटात आहेत, आणि मात्रा, अनुस्वार, हलन्त हे ‘खूण’ या गटात. री मॉड्यूलचा स्लॅश डब्ल्यू फक्त अक्षरं, अंक आणि अधोरेघ ओळखतो. खूण आली की त्याच्या लेखी शब्द संपला.

मग आम्ही त्याच प्रॉम्प्टवर बसून तालुके टाकत गेलो, झोप उडालीच होती. परतूरचे झाले ‘परत’ आणि ‘र’. बदनापूरचे ‘बदन’, ‘प’, ‘र’. भोकरदनचे ‘भ’ आणि ‘करदन’. घनसावंगीचे ‘घनस’, ‘व’, ‘ग’. मंठ्याचे ‘म’ आणि ‘ठ’. अंबड बिनमात्रेचं, ते तरी वाचेल असं वाटलं, तर डोक्यावर अनुस्वार: ‘अ’ आणि ‘बड’. जिल्ह्यात आठ तालुके, एकही सलग राहत नाही. त्यातही ‘परत’ आणि ‘बदन’ हे खरेच शब्द आहेत. वरवर चाळणाऱ्याला ते यादीत दिसले असते तर शंकाही आली नसती.

गंमत पुढे आहे. पायथनमध्ये व्हेरिएबलचं नाव ‘जालना’ ठेवता येतं. ‘इजआयडेंटिफायर’ विचारा, तो ‘हो’ म्हणतो. म्हणजे भाषेचा व्याकरणकार काना-मात्रेला शब्दाचा भाग मानतो आणि त्याच भाषेचं री मॉड्यूल मानत नाही. एकाच घरात दोन चुली. टॉम क्रिश्चनसेन यांनी २०११ साली पायथनच्या तक्रारवहीत हेच मांडलं होतं, की स्लॅश डब्ल्यूची ही व्याख्या युनिकोडच्या शिफारशीला धरून नाही. ‘रेजेक्स’ नावाचं बाहेरचं मॉड्यूल मात्रा बरोबर धरतं. आम्ही मात्र त्या रात्री तेही वापरलं नाही, देवनागरीचा सगळा पट्टाच नमुन्यात घातला आणि खुश झालो. दुसऱ्या दिवशी कळलं की त्या पट्ट्यात दंडही बसतो, तो जुन्या पद्धतीचा उभा पूर्णविराम. मग ‘जालना’ आणि दंड लागलेला ‘जालना’ हे दोन निराळे शब्द झाले. नवी टेस्ट, नवा लाल शेरा.

आता दुसरी टेस्ट, आणि हिच्यासाठीच खरं तर आम्ही इथं उभे आहोत.

आडनाव होतं ‘कुऱ्हाडे’. दोन्ही याद्यांत कुऱ्हाडे. टेस्ट म्हणते, सारखे नाहीत. इथं प्रिंटवाले आणि डीबगरवाले यांचा जुना वाद आठवतो. ब्रायन कर्निघन यांनी १९७९ साली नवशिक्यांसाठी लिहिताना नीट विचार आणि विचारपूर्वक टाकलेले प्रिंट हेच सगळ्यांत चांगलं साधन असं मत मांडलं होतं. लिनस टोरवाल्ड्स यांचीही डीबगरविषयीची नावड प्रसिद्ध आहे. मोठी माणसं, त्यांचं चुकलं असं म्हणण्याची आमची प्राज्ञा नाही. आणि विचार न करता ‘एन’, ‘एन’, ‘एन’ दाबत चाळीस ओळी उतरणारा पोरगा आम्हीही पाहिला आहे. त्याच्यापेक्षा प्रिंट टाकून दोन मिनिटं छताकडे बघणारा केव्हाही बरा. पण कुऱ्हाडे यांचं काय? आम्ही प्रिंट टाकला. पडद्यावर आलं: कुऱ्हाडे, कुऱ्हाडे. अगदी सारखे. डोळे फाडून बघितलं तरी सारखे. प्रिंटवर विश्वास ठेवणारा माणूस इथं म्हणणार की टेस्टच बिघडली आहे.

पीडीबीच्या ‘पी’ या आदेशानं तेच मागितलं तर एक नाव नीट छापलं गेलं आणि दुसऱ्याच्या पोटात यू आणि ‘२००डी’ असा आकडा दिसला. कारण ‘पी’ मजकूर जसा दिसतो तसा छापत नाही, पायथनच्या ‘रेपर’ रूपात छापतो, आणि त्या रूपात अदृश्य चिन्हांचे मुखवटे उतरतात. २००डी म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, रुंदी नसलेलं जोडचिन्ह. आपला हा ‘ऱ्ह’, ‘ऱ्य’मधला चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारांनी लिहिला जातो. एक, युनिकोडमध्ये त्याच्यासाठी असलेलं खास अक्षर, क्रमांक ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि हे अदृश्य जोडचिन्ह. कुणाच्या कळफलकातून कुठला निघेल सांगता येत नाही. दिसायला दोन्ही एकच. दऱ्या, सुऱ्या, वऱ्हाड, गोऱ्हे, कुऱ्हाडे: मराठीला या र शिवाय चालत नाही. आणि युनिकोडचं ‘एनएफसी’ म्हणून जे प्रमाणीकरण आहे, पायथनमध्ये एका ओळीत होतं, तेही या दोन रूपांना एक करत नाही. आम्ही प्रॉम्प्टवर ते लगेच करून पाहिलं. नाही झालं. ते स्वतःच लिहावं लागतं.

ठीक. मग ‘पी’ पुरे का? नाही. तिसरा प्रसंग ‘ॲ’चा. एका यादीत ‘ॲड.’, वकिलांचं संक्षिप्त रूप, एकाच अक्षराचं, क्रमांक ०९७२. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली आलं. दुसऱ्या यादीत साधा अ आणि त्यावर वेगळी चंद्राची खूण. इथं अदृश्य असं काहीच नाही, म्हणून ‘पी’देखील दोन्ही सारखेच छापतो. तेव्हा ‘एएससीआयआय’ नावाचं फंक्शन वापरायचं. ते प्रत्येक चिन्हाचा क्रमांक उघडा करून दाखवतं, आणि एकीकडे एक आकडा, दुसरीकडे दोन, हे कुणालाही मोजता येतं. टर्मिनलवर जोडाक्षरं फुटून दिसतात ही तुमची नेहमीची तक्रार, ती रास्तच आहे. पण अशा कामात टर्मिनलच्या डोळ्यांनी बघायचंच नाही हे एकदा ठरवलं की ती तक्रार राहत नाही.

बघा, पहिल्या प्रश्नाचं उत्तर खोटं, दुसऱ्याचं अर्धं, तिसऱ्याचं खरं. हे तीन प्रश्न आधी ठरवून कुणी प्रिंट टाकणार नाही. एका उत्तरातून पुढचा प्रश्न सुचतो, आणि तो विचारायला प्रोग्राम समोर थांबलेला लागतो.

इतकं बोलल्यावर साधनाचे दोषही सांगितले पाहिजेत. एक किरकोळ: व्हेरिएबलला ‘एन’ नाव दिलंत आणि प्रॉम्प्टवर ‘एन’ टाइप केलंत तर त्याचं मूल्य दिसणार नाही, प्रोग्राम एक ओळ पुढे जाईल. आधी ‘पी’ लावा. नावं मराठीत ठेवलीत तर हा घोळ होतच नाही, हा आमचा लाडका फायदा. दुसरं: वेळेवर अवलंबून असलेल्या टेस्ट डीबगरमध्ये थांबवल्या की त्यांचं वागणंच बदलतं, तिथं हे औषध चालत नाही.

तिसरा दोष मात्र आम्हाला लागतो. एकच टेस्ट पुष्कळ नावांवर चालवायची सोय पायटेस्टमध्ये आहे. आम्ही आठ तालुके आणि तीसेक आडनावं दिली. अहवालात प्रत्येक टेस्टच्या नावात ते आडनाव दिसावं ही अपेक्षा. दिसली ती आकड्यांची रांग. पायटेस्ट इंग्रजीबाहेरची अक्षरं टेस्टच्या नावात क्रमांक करूनच छापतो. बंद करायची सोय आहे, पण त्या पर्यायाचं नाव काय असावं? ते सबंध वाचलं तर अर्थ असा होतो: टेस्टच्या नावातलं हे एस्केपिंग बंद कर आणि समुदायाकडून मदत मिळण्याचा सगळा हक्क सोड. एवढं लांब नाव, खरोखरचं, सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावं लागतं. विनोद आहे हे कळतं आम्हाला. कारणही आहे, निरनिराळ्या संगणकांवर आणि जोडसाधनांवर अशी नावं त्रास देतात, तेही त्यांनी लिहून ठेवलंय. तरी विचारतो: ‘कुऱ्हाडे’ हे नाव अहवालात ‘कुऱ्हाडे’ असं वाचायला मिळावं यासाठी हक्कसोडपत्रावर सही कुणाला करावी लागते? ज्याचं नाव स्मिथ आहे त्याला नाही. गंमत पाहा, जिथं क्रमांक हवे होते तिथं प्रिंट अक्षरं दाखवतो, आणि जिथं अक्षरं हवी होती तिथं अहवाल क्रमांक दाखवतो. आम्ही शेवटी रोमन लिपीत नावं दिली. सोपं पडलं, पण मनातून गेलं नाही.

आणि एक, जो डीबगरचा स्वभावच आहे. प्रॉम्प्टवर झालेलं बोलणं टिकत नाही. ‘क्यू’ दाबलं की सगळं गेलं. त्या रात्री आम्ही तालुक्यांवर जे जे करून पाहिलं, त्यातलं निम्मं सकाळी आठवत नव्हतं. त्या मुलीनं मात्र वहीत लिहून घेतलं होतं, आणि सकाळी त्या प्रत्येक ओळीची टेस्ट केली: दोन प्रकारचा ऱ्ह, दोन प्रकारचा ॲ, दंड लागलेला जालना, मराठी अंकातला गट नंबर. पायथन ‘१२’चा आकडा बारा असाच करतो, पण मजकूर म्हणून देवनागरी बारा आणि इंग्रजी बारा जुळत नाहीत, हे तिला तिथंच सापडलं होतं. डीबगर वापरणाऱ्याविषयीची आमची परीक्षा आता हीच आहे. बाहेर पडल्यावर टेस्टच्या फाइलमध्ये नवी ओळ आली का? नसेल तर ते बोलणं म्हणजे पारावरच्या गप्पा.

प्रश्नोत्तरांत एका काकांनी विचारलं की यादी शेवटी जुळली का. बहुतेक जुळली. कुऱ्हाडे जुळले, वकील जुळले. एक टेस्ट अजून लाल आहे आणि आम्ही ती स्किप केलेली नाही. एका यादीत तालुका आहे ‘जाफ्राबाद’, दुसरीत ‘जाफराबाद’. इथं प्रॉम्प्ट उघडून कितीही विचारलं तरी पायथन बरोबरच बोलतो: एका शब्दात हलन्त आहे, दुसऱ्यात नाही, शब्द वेगळे आहेत. दोन्ही तुमच्या पाट्यांवर आहेत, दोन्ही तुमच्या तोंडात आहेत. कुठलं धरायचं ते तुम्ही सांगा. त्या तालुक्यातलं कुणी सभेत बसलं असेल तर जाताना आम्हाला भेटून जा.